शनिवारची राज्ये

१९१३ च्या उन्हाळ्यात भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा तिथे फुटबॉल बंद होता. १९०५ च्या हंगामात या खेळाने देशभरात अनेक तरुणांचे जीव घेतले, वर्तमानपत्रांनी गहजब केला आणि कोलंबियाने आपला संघच मोडून टाकला. बंदी दहा वर्षे टिकली. १९१५ मध्ये, आंबेडकर अजून तिथे शिकत असतानाच, संघ पुन्हा उभा राहिला. १९३४ च्या पहिल्या दिवशी याच कोलंबियाने कॅलिफोर्नियात रोझ बोलच्या सामन्यात स्टॅनफर्डला ७-० असे हरवले. आणि १९८३ ते १९८८ या काळात याच विद्यापीठाचा संघ लागोपाठ ४४ सामने हरला. विद्यापीठाच्या प्रतिष्ठेला यातल्या कशानेही धक्का लागला नाही.

मराठी वाचक अमेरिकी विद्यापीठे ओळखतो ती तिथल्या पदव्यांमुळे. मिनेसोटा, मिशिगन, टेक्सस, नेब्रास्का ही नावे आपल्या कितीतरी घरांत भिंतीवरच्या प्रमाणपत्रांवर आहेत. पण त्या गावांत राहून आलेल्या कोणालाही विचारा. सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या शनिवारी तिथे वाचनकक्ष ओस पडतात, रस्ते एका रंगाचे होतात आणि सगळे गाव स्टेडियमकडे चालू लागते. मिशिगनच्या स्टेडियमची आसनक्षमता १,०७,६०१ आहे. विद्यापीठांनी खेळाचा एवढा पसारा जगात दुसरीकडे कुठे मांडलेला नाही. या पसाऱ्यात ज्यांचे एकेकाळी राज्य होते आणि पुढे ते गेले, अशा संघांवरचे लेख या संग्रहात एकत्र केले आहेत.

हा आपल्याकडचा फुटबॉल नाही. अंडाकृती चेंडू हातात धरून पळायचे किंवा पुढे फेकायचा, समोरच्या अकरा जणांनी अंगावर येऊन अडवायचे, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाहीतर चेंडू प्रतिस्पर्ध्याला द्यायचा. एवढे कळले तरी हे पुस्तक वाचता येईल. समजायला अवघड आहे ती खेळाभोवतीची व्यवस्था. तिला तिथे ‘प्रोग्रॅम’ म्हणतात आणि संघ हा तिचा एक भाग असतो. शाळेत शिकणारी गुणी मुले पंधराव्या-सोळाव्या वर्षीच हेरायची, त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलायचे, शिष्यवृत्ती देऊन त्यांना आपल्याकडे आणायचे. अर्धी लढाई या भरतीतच जिंकली किंवा हरली जाते. मुलगा चार-पाच वर्षांत निघून जातो. टिकून राहतात ते प्रशिक्षक, त्यांचे ओळखीचे जाळे, माजी विद्यार्थ्यांचा पैसा, स्टेडियम आणि पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. अनेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे राज्य विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक असतो. खेळाडूला मात्र अगदी परवापरवापर्यंत शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्याची मनाई होती. हे नियम एनसीएए या संघटनेचे. १९०५ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमध्ये बैठक बोलावली, त्या वर्षाच्या हादऱ्यातूनच १९०६ मध्ये ही संघटना जन्माला आली.

सगळे खेळाडू दर चार-पाच वर्षांनी बदलत असताना काही संघ तीस-चाळीस वर्षे जिंकत राहतात, याचे आश्चर्य आधी वाटायला हवे. वर्चस्वाची मुळे खेळाडूंच्या पलीकडे असतात. नियम कोण करतो, कोणत्या प्रदेशातली मुले कोणाला मिळतात, कोणासाठी कोणती दारे बंद आहेत, दूरचित्रवाणी कोणाच्या हातात आहे, यावर ते उभे असते. माझे म्हणणे असे की ऱ्हासाची कारणेही तिथेच शोधावीत. संघाखालची जमीन सरकते, आणि जो संघ जुन्या व्यवस्थेत सर्वांत घट्ट रुतलेला असतो त्यालाच सर्वांत मोठा फटका बसतो. प्रशिक्षक बदलून ती जमीन परत येत नाही. तरी पराभूत विद्यापीठे पहिला उपाय नेमका तोच करतात.

पहिले राज्य येलचे. रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात ६ नोव्हेंबर १८६९ रोजी पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला खरा, पण आजच्या खेळाला आकार दिला तो येलच्या वॉल्टर कॅम्प यांनी. चेंडूच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर रांगा, ठरावीक प्रयत्नांत ठरावीक अंतर, या १८८० पासूनच्या दोन-तीन वर्षांतल्या सुधारणा त्यांच्याच पुढाकाराने झाल्या. नियम समितीत कॅम्प, आणि येलच्या संघाचे सल्लागारही कॅम्प. १८८८ मध्ये येलने १३ सामन्यांत ६९८ गुण केले आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण करू दिला नाही. येल आज २७ राष्ट्रीय विजेतेपदे आपली म्हणून सांगते. त्यातले शेवटचे १९२७ चे आहे.

येलला हरवले ते तिच्या माजी विद्यार्थ्यांनी. ते प्रशिक्षक होऊन देशभर गेले, येलची विद्या त्यांनी पश्चिमेला आणि दक्षिणेला नेली, आणि ती विद्या सर्वांची झाली. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, तेव्हा धडका मारत पुढे सरकण्याची जुनी मातब्बरीही उणावू लागली. पुढचे पाऊल मात्र या विद्यापीठांनी समजून-उमजून उचलले. १९४५ मध्ये येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन, कोलंबिया आदी आठ विद्यापीठांनी फुटबॉलपुरता करार केला, १९५४ मध्ये तो सर्व खेळांना लागू केला. खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही, प्रवेश अभ्यासावरच द्यायचा. ‘आयव्ही लीग’ म्हणून ओळखली जाणारी ही विद्यापीठे १९८२ मध्ये स्पर्धेच्या खालच्या स्तरावर गेली. येलचे १९१४ चे, सुमारे ७०,००० माणसांसाठी बांधलेले स्टेडियम अजून वापरात आहे.

शिकागोची कथा मला या साऱ्या क्षेत्रातली सर्वांत मोलाची वाटते, म्हणून तिच्यावर थोडा रेंगाळतो. रॉकफेलरच्या पैशातून नव्याने उभ्या राहिलेल्या या विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांना आपले नाव लवकर सर्वतोमुखी व्हायला हवे होते. त्यांनी येलचा जुना खेळाडू अमोस अलोंझो स्टॅग याला बोलावून घेतले आणि १८९२ पासून फुटबॉल त्याच्या हाती सोपवला. त्याला अध्यापकाचा कायम दर्जाही दिला. १९०५ मध्ये शिकागोने बलाढ्य मिशिगनला २-० असे हरवले. मध्यपश्चिमेच्या ज्या परिषदेला, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाला, आपण आज बिग टेन म्हणून ओळखतो, तिच्या संस्थापकांत शिकागो होते. स्टॅगने चाळीस वर्षे संघ चालवला. पण आजूबाजूची राज्य विद्यापीठे हजारो विद्यार्थ्यांची झाली, त्यांच्यामागे अख्खी राज्ये उभी राहिली, आणि शिकागो लहान, खाजगी, अभ्यासाचा कडक आग्रह धरणारेच राहिले. १९३५ मध्ये जे बर्वँगर या शिकागोच्या खेळाडूला मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या सर्वोत्तम खेळाडूचा पहिला मान मिळाला, जो पुढे हाइजमन ट्रॉफी म्हणून गाजला. त्याच्यासारखा खेळाडू असूनही संघ मधल्या फळीतच रेंगाळत होता.

रॉबर्ट मेनार्ड हचिन्स १९२९ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, शिकागोचे अध्यक्ष झाले. विद्यापीठाने लोकांचे मनोरंजन करून पैसा मिळवावा हे त्यांना मुळातच मान्य नव्हते. १९३९ च्या हंगामात मिशिगनने शिकागोला ८५-० असे हरवले, हार्वर्डने ६१-० असे, ओहायो स्टेटनेही ६१-० असे. त्याच डिसेंबरात फुटबॉल बंद करण्याचा निर्णय झाला. तीन वर्षांनी, २ डिसेंबर १९४२ रोजी, ओस पडलेल्या स्टॅग फील्डच्या पश्चिमेकडील प्रेक्षागाराखाली एन्रिको फर्मी यांच्या चमूने जगातली पहिली नियंत्रित अणू शृंखला अभिक्रिया घडवली. त्या मैदानाच्या जागी आता विद्यापीठाचे मोठे ग्रंथालय आहे. फुटबॉल १९६९ मध्ये परतला, पण सर्वांत खालच्या स्तरावर, शिष्यवृत्तीशिवाय.

यात एक तपशील फारसा सांगितला जात नाही. १९३९ चे ते दारुण पराभव पाहणारे प्रशिक्षक होते क्लार्क शॉनेसी. शिकागोने संघ मोडल्यावर ते स्टॅनफर्डला गेले, आणि पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, त्यांचा संघ अपराजित राहून रोझ बोल जिंकला. माणूस तोच होता. त्याच्या डोक्यातल्या कल्पनाही त्याच होत्या. शिकागोत त्याला हवी तशी मुले मिळत नव्हती आणि मिळणारही नव्हती, कारण विद्यापीठ आपला स्वभाव बदलायला तयार नव्हते. हचिन्स बरोबर होते असे मी मानतो. पण त्यांच्यामागे कोणी गेले नाही, हेही तितकेच खरे. देशातल्या मोठ्या विद्यापीठांनी शिकागोचे उदाहरण पाहिले आणि आपापली स्टेडियमे आणखी वाढवली.

या विषयावरचे बहुतेक लेखन दक्षिणेतल्या वर्णभेदाजवळ येताच घाईने पुढे सरकते. मला वाटते, विसाव्या शतकातल्या वर्चस्वाचे आणि ऱ्हासाचे सर्वांत मोठे कारण तिथेच आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अलाबामा, जॉर्जिया, मिसिसिपी इथल्या मोठ्या विद्यापीठांच्या संघांत कृष्णवर्णीय खेळाडूंना जागा नव्हती. ही मुले मग दोन दिशांनी जात. काही उत्तरेला गेली. मिनेसोटाने तीसच्या दशकात बर्नी बिअरमन यांच्या हाताखाली १९३४, १९३५, १९३६ आणि नंतर १९४०, १९४१ अशी विजेतेपदे मिळवली होती, ती मुख्यतः गोऱ्या मुलांच्या बळावर. १९६० चे विजेतेपद मिळाले तेव्हा चेंडू सँडी स्टीव्हन्स या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकच्या, म्हणजे संघाचा डाव चालवणाऱ्या खेळाडूच्या, हातात होता, आणि त्याच काळात नॉर्थ कॅरोलिनाचा बॉबी बेल मिनेसोटात खेळायला आला होता. मिशिगन स्टेटचे प्रशिक्षक डफी डॉहर्टी यांनी १९६५ आणि १९६६ चे आपले महान संघ टेक्सस आणि साउथ कॅरोलिनातून आलेल्या बबा स्मिथ, जॉर्ज वेबस्टर, जीन वॉशिंग्टन अशा मुलांवर उभे केले. त्यांच्या स्वतःच्या राज्यांनी त्यांना नाकारले होते.

दुसरी दिशा कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांची. लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग या छोट्या गावी एडी रॉबिन्सन १९४१ मध्ये प्रशिक्षक झाले आणि १९९७ मध्ये निवृत्त झाले. त्यांनी ४०८ सामने जिंकले आणि दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक फुटबॉलला दिले. फ्लोरिडा ए अँड एममध्ये जेक गेदर यांनी १९४५ ते १९६९ या काळात २०३ विजय मिळवले, हरले फक्त ३६ सामने. या महाविद्यालयांकडे पैसा नव्हता, मैदाने साधी होती, वर्णभेदाच्या प्रदेशात प्रवास करताना संघाला जेवायला आणि झोपायला जागा मिळण्याचीही मारामार. तरीही त्या काळी अमेरिकेतला उत्तमातला उत्तम फुटबॉल यांच्यापैकी काही मैदानांवर खेळला जात होता, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

मग दारे उघडली. केंटकीने १९६७ मध्ये, अलाबामाने १९७१ मध्ये कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरवले. १९७२ पर्यंत दक्षिणेच्या प्रमुख परिषदेतला एकही संघ निव्वळ गोरा उरला नाही. न्यायाच्या दृष्टीने हे व्हायलाच हवे होते, आणि ते फार उशिरा झाले. पण त्याची किंमत कोणी मोजली ते पाहिले पाहिजे. टेक्ससमधल्या बोमंट गावचा मुलगा आता मिशिगनला का जाईल? मिनेसोटाने बिग टेनचे अजिंक्यपद शेवटचे १९६७ मध्ये वाटून घेतले आणि मिशिगन स्टेटचा तो दरारा ओसरला. ग्रॅम्बलिंगचे नुकसान याहून खोल होते, कारण गोऱ्या विद्यापीठांनी खेळाडू नेले पण प्रशिक्षक नेले नाहीत, पैसा वाटून घेतला नाही. २०१३ च्या ऑक्टोबरात ग्रॅम्बलिंगच्या खेळाडूंनी व्यायामशाळेची दुरवस्था आणि बसचे लांबलचक प्रवास यांच्या निषेधार्थ जॅक्सन स्टेटविरुद्धच्या सामन्याला जायला नकार दिला. एडी रॉबिन्सन यांच्या महाविद्यालयावर ही वेळ आली, याची सल मला आजही आहे. एकेकाळचे नामांकित व्यावसायिक खेळाडू डिऑन सँडर्स जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्याच विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा काही काळ वाटले की वारे फिरेल. २०२१ मध्ये ट्रॅव्हिस हंटर हा देशातला अव्वल मानला गेलेला शाळकरी खेळाडू त्यांच्याकडे आला. एका हंगामानंतर दोघेही कोलोरॅडोला गेले आणि हंटरने २०२४ ची हाइजमन ट्रॉफी तिथून मिळवली.

वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीला राज्य दुसऱ्या महायुद्धाने दिले आणि पुढच्या काळाने नेले. १९४४ ते १९४६ या तीन हंगामांत आर्मीचा संघ एकही सामना हरला नाही. व्हिएतनामच्या काळात आणि व्यावसायिक फुटबॉलच्या पगारांच्या जमान्यात पदवीनंतर सैन्यात सेवा द्यायला गुणी खेळाडू कोठून मिळणार? १९७३ मध्ये आर्मी दहाच्या दहा सामने हरली. इतर मोठी नावेही मागे पडली. नोत्र दाम विद्यापीठाने शेवटचे विजेतेपद १९८८ मध्ये मिळवले. मायामीने १९८३ पासून २००१ पर्यंत पाच मिळवली, आणि मग एकही नाही.

नेब्रास्काबद्दल मात्र थोडक्यात लिहिणे मला शक्य नाही. सुमारे वीस लाख वस्तीचे, मक्याच्या शेतांचे हे राज्य. तिथे या स्तरावर खेळणारे दुसरे विद्यापीठ नाही. बॉब डेव्हनी १९६२ मध्ये प्रशिक्षक म्हणून आले आणि त्याच वर्षीच्या ३ नोव्हेंबरपासून विद्यापीठाच्या लिंकन शहरातल्या मेमोरियल स्टेडियमच्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटे विकली गेली आहेत. चारशेहून अधिक सामने झाले. डेव्हनी यांनी १९७० आणि १९७१ ची विजेतेपदे आणली. त्यांच्यानंतर टॉम ऑस्बोर्न यांनी पंचवीस हंगामांत २५५ सामने जिंकले, एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय नाहीत, आणि १९९४, १९९५, १९९७ अशी तीन विजेतेपदे मिळवली. या यशाला डागही आहे. १९९५ मध्ये एका खेळाडूने पूर्वीच्या मैत्रिणीला बेदम मारहाण केली. ऑस्बोर्न यांनी त्याला निलंबित केले आणि त्याच हंगामात परत घेतले. या घटनेला वळसा घालून नेब्रास्काचा इतिहास लिहिता येत नाही.

राज्यात मोठे खेळाडू फार निपजत नसताना हे जमले कसे? १९६९ मध्ये बॉइड एप्ली यांनी वजने उचलण्याचा पद्धतशीर व्यायाम सुरू केला, तेव्हा बहुतेक संघांत तो निषिद्ध मानला जाई. शेतकऱ्यांची मुले शिष्यवृत्तीशिवाय संघात येत, तीन-चार वर्षे घाम गाळत आणि मग मैदानात उतरत. चेंडू घेऊन पळण्याची एक गुंतागुंतीची पद्धत ऑस्बोर्न यांनी वर्षानुवर्षे घोटून घेतली. १९८४ पर्यंत दूरचित्रवाणीवर कोणाचे सामने दाखवायचे हे एनसीएए ठरवत असे, आणि मोजक्या नामांकित संघांत नेब्रास्का असे. पुढे एकेक आधार सुटत गेला. व्यायामशाळा सर्वांनी बांधल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या बाजूने ७ विरुद्ध २ असा निकाल दिला आणि प्रसारणाचा बाजार खुला झाला. पुढे कोणत्याही गावचा मुलगा कोणत्याही संघात खेळून पडद्यावर दिसू लागला. लिंकनच्या थंडीत येण्याचे एक मोठे कारण संपले. लोकवस्ती आणि तिच्याबरोबर गुणी खेळाडू दक्षिणेच्या उन्हाकडे सरकत होतेच.

हे सगळे विद्यापीठाच्या कारभाऱ्यांना दिसले नसावे. २००३ मध्ये प्रशिक्षक फ्रँक सॉलिच यांनी नऊ सामने जिंकले, तीन हरले, आणि त्यांना काढून टाकले. पुढच्या वर्षी नेब्रास्काने १९६१ नंतर पहिल्यांदा निम्म्याहून अधिक सामने गमावले. मग प्रशिक्षकामागून प्रशिक्षक. घरचा मुलगा म्हणून मोठ्या आशेने आणलेल्या स्कॉट फ्रॉस्ट यांनी १६ जिंकले, ३१ हरले. २०२१ मध्ये संघाने नऊ सामने गमावले, ते नऊच्या नऊ ९ किंवा त्याहून कमी गुणांनी. या साऱ्या वर्षांत लोक येत राहिले. ३० ऑगस्ट २०२३ रोजी त्याच स्टेडियममध्ये महिलांच्या व्हॉलीबॉल सामन्याला ९२,००३ माणसे होती. मला नेब्रास्काचे प्रेक्षक या क्षेत्रातले सर्वांत आदरणीय लोक वाटतात.

टेक्ससमधल्या सदर्न मेथडिस्टला, म्हणजे एसएमयूला, नियमांनी मारले. एरिक डिकरसन या खेळाडूच्या काळात, १९८२ मध्ये, हा संघ अपराजित होता. श्रीमंत देणगीदार खेळाडूंना गुपचूप पैसे देत असत, वारंवार शिक्षा होऊनही देत राहिले, आणि पैसे चालू ठेवण्याच्या निर्णयात पुढे पुन्हा राज्यपाल झालेले बिल क्लेमंट्सही सामील होते. फेब्रुवारी १९८७ मध्ये एनसीएएने त्या वर्षीचा हंगामच रद्द केला, ज्याला ‘मृत्युदंड’ म्हणतात. १९८८ चा हंगाम विद्यापीठाने स्वतः सोडला. १९८९ मध्ये परतलेल्या कोवळ्या संघाला ह्यूस्टनने ९५-२१ असे चिरडले. त्यानंतर वीस वर्षांत त्यांचा एकच हंगाम पराभवांपेक्षा अधिक विजयांचा गेला.

या ऱ्हासांचा अर्थ लावणारे लेखन चार-पाच प्रवाहांत वाहते. सर्वांत जुना प्रवाह नैतिक टीकेचा. १९२९ चा कार्नेगी फाउंडेशनचा अहवाल, हचिन्स, आणि २०११ मध्ये नागरी हक्क चळवळीचे इतिहासकार टेलर ब्रांच यांनी लिहिलेला लांबलचक लेख हे त्यातले टप्पे. विद्यापीठाने हा धंदा करू नये, किंवा केला तर खेळाडूंना लुबाडू नये, असे हे लोक म्हणतात. दुसरा प्रवाह संस्थांच्या इतिहासकारांचा. रॉबिन लेस्टर यांचे शिकागोवरचे पुस्तक आणि जॉन सेल वॉटरसन यांचा समग्र इतिहास यांच्याशिवाय कोणाला पुढे जाता येत नाही. स्वतः नोत्र दामकडून खेळलेले मायकल ओरिआर्ड वर्तमानपत्रांनी या खेळाचे मिथक कसे रचले ते दाखवतात. अँड्रू झिम्बलिस्ट यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ एनसीएएकडे मजुरी दाबून ठेवणारी मक्तेदारी म्हणून पाहतात. त्यांच्या हिशेबात ऱ्हास म्हणजे बाजारात मागे पडणे. डेरिक व्हाइट यांचे गेदर आणि फ्लोरिडा ए अँड एमवरचे २०१९ चे पुस्तक वंशाच्या प्रश्नाला मध्यभागी आणते. या प्रवाहाकडून मी सर्वांत जास्त शिकलो. उरला तो चाहत्यांचा आणि क्रीडा पत्रकारांचा प्रवाह, ज्यात सारे श्रेय आणि सारा दोष प्रशिक्षकाचा. निक सेबन २००७ मध्ये अलाबामाला गेले आणि सहा विजेतेपदे मिळवली, हे त्यांचे हुकमी उदाहरण. उदाहरण खरे आहे. पण अलाबामाच्या आसपास खेळाडूंचे पीक होते आणि हातात पैसा होता. सेबन यांना शिकागोत १९३९ मध्ये पाठवले असते तर त्यांचेही हाल शॉनेसींसारखेच झाले असते.

हे पुस्तक आत्ताच का? कारण जमीन पुन्हा सरकते आहे, आणि या वेळी फार वेगाने. २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एकमताने एनसीएएविरुद्ध निकाल दिला. जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली, आणि त्याच वर्षी एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलण्याचीही. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने विद्यापीठांना थेट खेळाडूंना पैसे वाटण्याची मुभा दिली, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत पॅसिफिक किनाऱ्यावरची, १९१५ मध्ये सुरू झालेली परिषद सोडण्याचे बारांपैकी दहा सदस्यांनी जाहीर केले होते. मागे राहिली ती ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट, त्यांचा मैदानावर काही दोष नसताना. ज्या पैशासाठी एसएमयूला मृत्युदंड झाला तो आता कायदेशीर आहे, आणि २०२४ मध्ये तेच एसएमयू नऊ वर्षांचे प्रसारणाचे उत्पन्न सोडून मोठ्या परिषदेत शिरले व त्याच हंगामात बारा संघांच्या राष्ट्रीय बाद फेरीत पोचले. त्याच फेरीत इंडियाना होते, ज्याच्या नावावर तोवर मोठ्या संघांत सर्वाधिक पराभव होते. आज वरती असलेल्यांपैकी कोण उद्या मिनेसोटा होणार, हे ठरवणाऱ्या खोल्यांत आता वकील आणि वाहिन्यांचे अधिकारी बसतात.

खेळाडूंना पैसे मिळू लागले याचा मला मनापासून आनंद आहे. शंभर वर्षे त्यांच्या गुडघ्यांवर आणि मेंदूवर दुसऱ्यांचे पगार उभे होते. पण या बदलात ग्रॅम्बलिंगसारख्यांच्या हाती काय लागणार, हा प्रश्न विचारणारे फार थोडे दिसतात. तो प्रश्न या संग्रहात ठिकठिकाणी येतो, कधी उघड, कधी आकड्यांच्या आडून.

लेखकांना आम्ही एकच अट घातली होती. एखाद्या संघाचा ऱ्हास सांगताना त्याचे वर्चस्व कशावर उभे होते ते आधी सांगायचे. मते जुळवण्याचा प्रयत्न केलेला नाही. हचिन्स यांच्याबद्दल माझ्या अगदी उलट मत मांडणारा लेख या पुस्तकात आहे आणि तो जोरकस आहे. सध्या घसरणीला लागलेल्या पण पुन्हा उभ्या राहू शकणाऱ्या संघांना जागा देण्याचा मोह टाळला आहे. मिशिगन २००८ मध्ये नऊ सामने हरले तेव्हा त्याचे मृत्युलेख लिहिले गेले, आणि २०२३ मध्ये ते राष्ट्रीय विजेते झाले. आर्मीनेही २०२४ मध्ये १२ सामने जिंकले.

आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हंगाम ऑगस्टअखेर सुरू होऊन जानेवारीत संपतो, म्हणून विजेतेपदांसाठी हंगाम सुरू झाल्याचे वर्ष धरले आहे. आणि जुन्या विजेतेपदांना एकच अधिकृत यादी नाही. पत्रकारांच्या मतदानाची आजवर चालत आलेली पद्धत १९३६ ची, आणि अव्वल दोन संघांना नेमाने एकमेकांसमोर आणणारी व्यवस्था १९९८ ची. त्याआधी एकाच वर्षी दोन-तीन विद्यापीठे स्वतःला विजेती म्हणवू शकत, आणि येलसारख्यांचे बरेच दावे मागाहून केलेल्या मोजदादीवर उभे आहेत. या खेळाशी अजिबात ओळख नसलेल्या वाचकाने क्रमाने जाण्याची गरज नाही. ग्रॅम्बलिंगच्या लेखापासून सुरुवात करावी, मग नेब्रास्का वाचावे. नियम वाटेत आपोआप कळत जातील.